पाच लाख दहा हजार पाचशे अकरा

हिंदी मुलखातल्या रांझीच्या त्या गल्लीत नवीन आलेला कुरियरवाला एकदा तरी फसतोच. घर नंबर सत्तावीस शोधत तो पुंडलिकराव नेवाऱ्यांच्या दाराशी येतो आणि दारावर खिळ्यांनी ठोकलेली पितळी पट्टी वाचून चक्रावतो. पट्टीवर सहा आकडे आहेत, ५१०५११, आणि त्यातला शेवटचा एक जरा उजवीकडे कलंडलेला आहे. एवढी घरं अख्ख्या रांझीत तरी असतील का, असा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर उमटतो. मग आतून अनसूयाबाईंचा आवाज येतो, "येही घर है भैया, सत्ताईस नंबर. वो दूसरा नंबर साहब का है."

साहब म्हणजे पुंडलिकराव. ते उभ्या आयुष्यात कोणाचे साहेब नव्हते. रिछाईतल्या एका पंपाच्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं एकच काम केलं, पंपावर बसवायच्या पितळी पट्टीवर नंबर ठोकायचं. शून्य ते नऊ असे दहा पोलादी ठसे, एक हातोडी, एक ऐरण आणि डावीकडे कोऱ्या पट्ट्यांचं खोकं. एका पट्टीला पाच घाव, आकडा लाखावर गेल्यावर सहा. दिवसाला साठ-सत्तर पट्ट्या. ते पंप कुठल्या कुठल्या गावांच्या विहिरींत उतरले ते पंपांनाच ठाऊक.

अशा कामात माणूस तंबाखूला लागतो, नाहीतर युनियनला लागतो. पुंडलिकराव आकड्यांना लागले. ठसा उचलायचा, ठेवायचा, ठोकायचा, आणि तेवढ्या वेळात हा नंबर कोणत्या जातकुळीचा आहे ते ओळखायचं. जातकुळ्या त्यांनीच ठरवल्या होत्या. एक आणि स्वतः सोडून ज्या संख्येला कोणीच भागू शकत नाही, जिला पुस्तकात मूळ संख्या म्हणतात, ती त्यांच्याकडे एकांडी. तिला स्वतःला सोडून जिला भागणाऱ्यांची बेरीज केली तर ती तिच्यापेक्षाही जास्त भरते, ती लेकुरवाळी. कमी भरली तर तोकडी. आणि बरोबर तेवढीच भरली तर पुरती. सहाला एक, दोन आणि तीन भागतात, तिघांची बेरीज सहा, म्हणून सहा पुरती. अठ्ठावीसही पुरती. पण पुरती संख्या पुंडलिकरावांच्या नशिबात नव्हती. ते कामाला लागले तेव्हा कारखान्याचा नंबर वीस हजारांच्या घरात होता. आठ हजार एकशे अठ्ठावीस ही पुरती त्यांच्या आधीच्या माणसाच्या हाताखालून गेली होती, आणि त्या बापड्याला त्याची खबरही नव्हती. पुढची पुरती थेट तीन कोटींच्या पार. याची हळहळ पुंडलिकरावांना अगदी निवृत्तीपर्यंत होती.

पुरती नाही तर नाही, त्यांचा खरा जीव एकांडीवर होता. एकांडी आली की हातोडी खाली ठेवायची, तांब्यातलं पाणी एक घोट प्यायचं आणि मगच पुढची पट्टी घ्यायची, असा त्यांचा नेम होता. "जिले कोणी भागू शकत नाही, तिच्यासाठी एवढं तं थांबावं माणसानं," असं ते म्हणत. दिवसाकाठी दहा-बारा वेळा तरी थांबायची वेळ येई. फोरमनला आधी वाटलं याला साखरेचा आजार आहे. मग कारण कळलं तेव्हा त्याने कपाळावर हात मारला आणि सोडून दिलं, कारण दिवसाच्या पट्ट्या दिवसात पुऱ्या होत होत्या.

नेम कारखान्यात राहिला असता तर गोष्ट वेगळी. तो घरी आला. जिना चढताना दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या पायरीवर पुंडलिकरावांचं पाऊल जरासं अडे. कुकरची तिसरी शिट्टी झाली की ते माठाकडे वळत. अमावास्येला नदीच्या स्नानाला ग्वारीघाटावर गेलं की घाटाच्या पायऱ्यांवर त्यांच्यामागे ओल्या पातळानिशी अनसूयाबाई खोळंबलेल्या असत. "मले नका सांगू तुमचे आकडे," त्या म्हणत. "मले काही समजत नाही त्यातलं, आणि समजून घ्यायचंही नाही." एकेचाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं की पुंडलिकरावांचा त्यावर पूर्ण विश्वास बसला होता.

आता एवढ्या मोठमोठ्या संख्या हा माणूस हातोडीच्या घावाघावात ओळखायचा कसा? त्याची एक युक्ती होती. मराठी शाळेत नववीपर्यंत शिकले तेव्हा गणिताच्या गुरुजींनी सांगितलं होतं, दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा आणि सतरा, या सात जणांनी भागून पाहा. सातही जण हरले तर संख्या मूळ समजा. पुंडलिकराव त्यांना सात चाळण्या म्हणत. सातही चाळण्यांतून न गळता वर राहिली ती एकांडी. या हिशेबात ते इतके तरबेज झाले की ठसा ऐरणीवर टेकेपर्यंत निकाल लागलेला असे.

आणि मग ती संख्या आली. खरं म्हणजे ते तिची अकरा वर्षं वाट पाहत होते. पाच लाख दहा हजार पाचशे दहा. सातही चाळण्यांचा एकमेकींशी गुणाकार केला की ती येते. म्हणजे सातही जणी तिला भागतात, आणि लहानमोठे धरून तिला एकशे अठ्ठावीस भागणारे. सातही जणींना भागू देणारी लेकुरवाळी त्यांच्या हाताखालून पूर्वी गेली नव्हती. पण पुंडलिकरावांचा डोळा तिच्या शेजारणीवर होता. हिला सातही जणी पुरत्या भागतात, म्हणजे हिच्यात एक मिळवला की सातही जणींना बाकी एक उरणार. एकही चाळणी तिला धरू शकणार नाही. एवढ्या भरल्या गोकुळाला लागून उभी असलेली ही एकांडी, तिचा त्यांना फार अभिमान वाटे.

दोन हजार चारच्या हिवाळ्यात तो दिवस उगवला. पुंडलिकरावांनी सकाळीच पेढे आणून ठेवले होते. पाचशे दहा ठोकून झाली, पाचशे अकरा घेतली, आणि शेवटच्या एकाच्या वेळी हातोडी जरा तिरपी बसली. एक कलंडला. पट्ट्या तपासायला होता तुळशीराम, त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी लहान आणि कामात कोणाचीही भीड न ठेवणारा. त्याने पट्टी नापास करून बाजूला टाकली. पुंडलिकरावांनी दुसरी ठोकली, पाणी प्यायले, पेढे वाटले, आणि फोरमनला विचारून ती नापास पट्टी घरी आणली. त्याच संध्याकाळी ती दारावर चढली. तुळशीरामने पेढा खाल्ला आणि जेवणाच्या सुट्टीत एका कागदावर काहीतरी आकडेमोड केली. मग तो कागद त्याने घडी करून खिशात ठेवला. तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

हे सगळं वीस वर्षांपूर्वीचं. यंदा फेब्रुवारीत एका सकाळी दात घासता घासता पुंडलिकरावांच्या हातातला ब्रश गळून पडला. झटका सौम्य होता, दवाखान्यात वेळेवर पोचले, आठवड्यात घरी आले. उजवा हात मात्र ओढल्यासारखा झाला आणि बोलणं अडखळायला लागलं. शब्द आत तयार असे, बाहेर यायला उशीर करी. नागपुराहून मुलगी आली, विनता. शाळेत शिकवते, पोरगी गुणाची. रजा टाकून आली, औषधांचा तक्ता भिंतीवर लावला, स्कूटरची किल्ली आपल्या पर्समध्ये ठेवली. बापाला त्या किल्लीचं वाईट वाटलं, पण तिचं चूक नव्हतं हेही त्यांना कळत होतं.

महिन्याने राइट टाउनातल्या डॉक्टरीणबाईंकडे तपासणीला नेलं. सोबत विनता होती. अनसूयाबाईंना ताप होता म्हणून त्या घरीच राहिल्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला मऊ. आज कौनसा दिन है, हम किस शहर में हैं, घड़ी बनाइए, असं सगळं झालं. पुंडलिकरावांनी डाव्या हाताने घड्याळ काढलं, जरा वाकडं, पण काटे बरोबर. मग त्या म्हणाल्या, "अंकल, सौ में से सात घटाइए. फिर उसमें से सात. ऐसे करते जाइए."

पुंडलिकरावांना मनातल्या मनात हसू आलं. याची परीक्षा, आणि ती आपली?

"तिरानवे," ते म्हणाले. "छियासी." शब्द सावकाश पण नीट येत होते. "उन्यासी."

आणि ते थांबले. एकोणऐंशी. एकांडी. चौतीस वर्षांच्या सवयीने डावा हात टेबलावर तांब्या शोधायला लागला. तांब्या नव्हता. डॉक्टरीणबाई वाट पाहत होत्या. "आगे, अंकल?" पुंडलिकरावांना सांगायचं होतं की हिला कोणी भागत नाही, एक घोट पाणी द्या, मग पुढचं सांगतो. पण एवढं लांबलचक वाक्य त्यांच्या जिभेला पेलेना. "पा... पाणी," एवढंच आलं. विनताने पर्समधली बाटली काढेपर्यंत डॉक्टरीणबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं होतं. नंतर त्यांनी विनताला बाजूला घेऊन सांगितलं की तिसऱ्या पायरीवर अडकले, लक्ष टिकत नाही, नेमकं किती नुकसान झालंय ते कळायला पंधरा दिवसांनी परत बघू. तोवर एकटं सोडू नका, आणि घरी थोडी आकडेमोड करून घ्या.

ऑटोत पुंडलिकरावांनी प्रयत्न केला. "विनता... ती... एकांडी होती."

"कोण बाबा? कोण एकटी होती?" विनताने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता तिने त्यांचा हात हातात घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. 

घरी तिने आईला सांगितलं, "तिसऱ्याच आकड्यावर अडकले गं. पंधरा दिवसांनी परत टेस्ट आहे. तेव्हाही असंच झालं तर मी काही ऐकणार नाही. घराला कुलूप लावू आणि दोघंही नागपूरले चला." अनसूयाबाईंनी अंगावरची चादर ओढून घेतली. त्यांचं सगळं आयुष्य त्या गल्लीत गेलं होतं. पुंडलिकरावांनी भिंतीकडे तोंड केलं. नागपूर काही वाईट नाही, मुलगी जीव लावते, पण तिथे ते जाणार ते डोकं गेलेला माणूस म्हणून जाणार, आणि ते त्यांना गिळवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते ओसरीत बसले. मांडीवर पाटी म्हणून पोळपाट, त्यावर जुन्या कॅलेंडरचं पान उलटं, डाव्या हातात पेन्सिल. डोकं शाबूत आहे की नाही हे दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा आपणच पाहावं म्हणून त्यांनी आपली सगळ्यात ओळखीची संख्या घेतली. पाच लाख दहा हजार पाचशे अकरा. दोनने बाकी एक. तीनने बाकी एक. पाचने, सातने, अकराने, तेराने, सतराने, सगळीकडे बाकी एक. उजळणी बरोबर होती. वाकड्यातिकड्या सात एकांची रांग पाहून त्यांना इतकं हायसं वाटलं की आणखी एक एक बघावा म्हणून त्यांनी एकोणीसने भागायला घेतलं.

एकावन्नात दोनदा, उरले तेरा. एकशे तीसमध्ये सहा वेळा, उरले सोळा. एकशे पासष्टात आठ वेळा, उरले तेरा. एकशे एकतीसमध्ये सहा वेळा, उरले सतरा. शेवटी एकशे एकाहत्तर. एकोणीस नवे एकशे एकाहत्तर. बाकी शून्य.

त्यांनी पेन्सिल ठेवली. पुन्हा भागलं. शून्य. पान उलटं धरून तिसऱ्यांदा भागलं, तरी शून्य.

जी संख्या एकांडी आहे हे ते आपल्या नावासारखं जाणत होते, तिला त्यांचं डोकं आता सरळ भागून दाखवत होतं. म्हणजे डॉक्टरीणबाई खरं सांगत होत्या. चूक कुठे होतेय तेही आपल्याला दिसत नाही, याची त्यांना फार भीती वाटली. झटका आला त्या दिवशीही ते इतके घाबरले नव्हते. संध्याकाळी ते विनताला म्हणाले, "चल... नागपूरले." ती आनंदली नाही. तिने नुसती मान हलवली आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सुरू ठेवला.

सकाळी तुळशीराम भेटायला आला तेव्हा पुंडलिकराव दारात स्टुलावर बसून डाव्या हाताने पक्कड चालवत होते. पट्टीचा एक खिळा निघाला होता, दुसरा निघत होता. अनसूयाबाई ओसरीत तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि त्यांच्याकडे मुद्दाम पाहत नव्हत्या.

"काहून काढून राहिले, पुंडलिकराव?"

पुंडलिकरावांनी उत्तर म्हणून खिशातला कॅलेंडरचा कागद पुढे केला. "डोकं... गेलं, तुळशीराम," ते म्हणाले. "पाह्य. एकोणीसनं... भागून राहिलो. तिले."

तुळशीरामने चष्मा लावला. तीनही भागाकार पाहिले, पट्ट्या तपासायचा तसेच, एकेका आकड्यावर बोट ठेवून. मग त्याने कागदाची घडी घातली.

"बरोबर आहे हे," तो म्हणाला.

"काय?"

"भागाकार बरोबर आहे. जातेच ते एकोणीसनं. सव्वीस हजार आठशे एकोणसत्तर वेळा. आणि ते पुन्हा सत्त्याण्णवनं जाते. उरते दोनशे सत्त्याहत्तर." त्याने घसा साफ केला. "एकांडी नव्हतीच ती, भाऊ. कधीच नव्हती."

पुंडलिकरावांच्या हातातली पक्कड तशीच राहिली. "तुले... कसं माहीत?"

"त्याच दिवशी पाह्यलं होतं. पेढा खाऊन." तुळशीरामला आता बोलायचंच होतं, वीस वर्षांचं साठलेलं. "तुम्ही सतरावर थांबत होते. मी म्हटलं, एक पाऊल पुढं जाऊन तं पाहू. पहिल्याच पावलाले गेली. मग मी एका मास्तरले विचारलं. ते म्हणे, सतरापर्यंत पाहायचं ते साडेतीनशेच्या आतल्या संख्यांले पुरते. एकोणीसचा वर्ग तीनशे एकसष्ट, त्याच्या पुढं गेलं की एकोणीसही धरा लागते. आणि पाच लाखाले तं सातशे चौदापर्यंत जा लागते. सव्वाशेच्या वर चाळण्या होतात, भाऊ. तुमच्या सातच होत्या."

पुंडलिकराव आठवत राहिले. साडेतीनशेच्या आतल्या संख्या. गुरुजींनी म्हटलं होतं खरं. फळ्यावर लिहूनही दिलं होतं. वाक्याचा मागचा अर्धा भाग त्यांनी जन्मभर जपला होता आणि पुढचा शाळेतच विसरून आले होते.

"म्हणजे... बाकीच्या?"

"निम्म्याच्या वर खोट्या," तुळशीराम म्हणाला. त्याने काम करताना कधी भीड ठेवली नव्हती, आताही ठेवली नाही. "चौतीस वर्षांत जेवढं पाणी प्यायले ना तुम्ही, त्यातलं निम्म्याच्या वर उगीच."

"वीस वर्षं," पुंडलिकराव म्हणाले. जीभ अडखळत होती, पण राग स्वच्छ होता. "वीस वर्षं... सांगितलं नाही तू. एक कलंडला तं... पट्टी नापास केली. आणि एवढं मोठं..."

"एक कलंडला ते काम होतं. हे काम नव्हतं." तुळशीराम स्टुलाशेजारच्या पायरीवर बसला. "संध्याकाळी सांगायले आलो होतो मी. तुमचे खिळे ठोकून झाले होते. तुम्ही वहिनीले पट्टी दाखवून राहिले होते. मी फाटकावरून परत गेलो. आणि आजही नसतं सांगितलं, पण तुम्ही डोक्यावर ठपका ठेवून राहिले. डोकं ठीक आहे तुमचं. चांगल्या डोक्यानं चूक केली होती, त्याच डोक्यानं काढली."

 मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले, आणि अनसूयाबाई तांदूळ टाकून धावल्या. ते हसत होते. तोंडाचा एक कोपरा अजून नीट उचलत नव्हता, तरी हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "एकोणीस," ते म्हणाले. "सत्त्याण्णव. दोनशे सत्त्याहत्तर." जरा थांबून त्यांनी तिघींनाही मनात चाळून घेतलं, या वेळी नीट, जेवढ्या लागतात तेवढ्या चाळण्यांनी. "तिघीही... एकांड्या."

"आहेत ना," तुळशीराम म्हणाला. "मग राहू द्या पट्टी. द्या ती पक्कड इकडं."

त्याने खिळे परत ठोकले. चहा झाला. तो गेल्यावर अनसूयाबाईंनी तांदळाचं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं आणि खाली पाहतच विचारलं, "डॉक्टरकडं कोणत्या आकड्यावर थांबले होते तुम्ही?"

पुंडलिकरावांना नवल वाटलं. अनसूयाबाईंनी एकेचाळीस वर्षांत कोणता आकडा असं कधी विचारलं नव्हतं. "एकोणऐंशी," ते म्हणाले.

अनसूयाबाईंचा हात सुपात जरा थांबला. "अच्छा," त्या म्हणाल्या आणि पुन्हा खडे वेचायला लागल्या.

दुसऱ्या तपासणीला विनता निघाली तेव्हा आई लुगड्याच्या निऱ्या नीट करून दारात तयार. "तू काहून येते? तापाचा अशक्तपणा आहे अजून," विनता म्हणाली. अनसूयाबाईंनी ऐकलंच नाही. त्यांच्या पिशवीत पाण्याची बाटली होती आणि फडक्यात गुंडाळलेला घरचा स्टीलचा पेला. बाटलीला तोंड लावलेलं पुंडलिकरावांना आवडत नाही.

दिवस, शहर, घड्याळ झालं. घड्याळ या वेळी जरा गोल होतं. "अब अंकल, वही सौ में से सात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. विनताने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले होते. या पाच आकड्यांवर घराला कुलूप लागायचं की नाही ते ठरणार होतं.

"तिरानवे. छियासी." आवाज सावकाश. "उन्यासी."

पुंडलिकराव थांबले. थांबायचं नाही असं त्यांनी रात्रभर स्वतःला बजावलं होतं, विनतासाठी तरी या एकदा नेम मोडायचा. पण ते ठरवणं जिभेपर्यंत पोचायच्या आत डावा हात तांब्या शोधायला वळला. डॉक्टरीणबाईंचं पेन कागदाकडे वळलं. विनताने डोळे मिटले.

"रुकिए बेटा, लिखना मत," अनसूयाबाई म्हणाल्या. त्यांनी फडकं सोडून पेला टेबलावर ठेवला आणि बाटलीतलं पाणी ओतलं. "उन्यासी को कोई काटता नहीं. उस पे ये पानी पीते हैं. पियेंगे, फिर बोलेंगे."

डॉक्टरीणबाईंनी विनताकडे पाहिलं, विनताने आईकडे. पुंडलिकरावांनी डाव्या हाताने पेला उचलला, एक घोट घेतला, पेला खाली ठेवला.

"बहत्तर," ते म्हणाले. "पैंसठ."

"बस अंकल, हो गया," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण ते आता थांबणार नव्हते. अट्ठावन, इक्यावन, चवालीस. सैंतीसला पेला उचलायच्या आधी अनसूयाबाईंनीच तो पुढे सरकवला. तीस. तेईसलाही सरकवला. सोलह, नौ, दो. दोनला पुन्हा एक घोट. एकदाही चूक झाली नाही, ना आकड्यांत ना पाण्यात. डॉक्टरीणबाईंनी आधीचा कागद काढला, त्यावरची एक ओळ खोडली आणि हसत विचारलं, "आंटी, आपको कैसे पता, किस पे रुकेंगे?"

पुंडलिकरावही वळून बघत होते. त्यांनाही तेच विचारायचं होतं. मले काही समजत नाही त्यातलं, असं म्हणणारी बाई ही.

अनसूयाबाई बाटलीचं झाकण लावत होत्या. "पता क्या होना है," त्या म्हणाल्या. "इकतालीस साल से पानी मैं ही तो भर रही हूँ."

पेल्यात तळाला थोडं पाणी उरलं होतं. पुंडलिकरावांनी ते एकेचाळीस ऐकलं, मनातल्या मनात चाळून घेतलं, एकदा अनसूयाबाईंकडे पाहिलं आणि पेला पुन्हा उचलला.